ताबेदार

आमच्या आबांनी जपानबद्दल उभ्या जन्मात एकच वाक्य सांगितलं. १९८८ साल असेल. रविवारी सकाळी रामायण बघायला अर्धी आळी आमच्या सोप्यात जमायची आणि चित्राला मुंग्या येत होत्या म्हणून अँटेना बदलायचा होता. तो बसवायला वडूजहून आलेला पोरगा बुटांसकट सोपा ओलांडून थेट माजघरात गेला. वायर तिकडून काढायची होती. आजीनं हटकलं, पोरगा ओशाळला, बूट उंबऱ्याबाहेर ठेवून आला, विषय संपला. पण आबा उठून पारावर जाऊन बसले ते दुपारी जेवायलाही आले नाहीत. रात्री मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा आढ्याकडं बघत म्हणाले, "जपानात घरात चटया असायच्या. गादीवानी मऊ. आमी बुटानंच आत जायचो." आणि कूस बदलली.

मी तेव्हा आठवीत होते. आबा १९९८ साली गेले. ते वाक्य तेवढं माझ्याकडं राहिलं आणि त्याची दीर्घकथा करायला पन्नाशी यावी लागली. दीड वर्ष लागलं, तीन खर्डे झाले. त्या लिहिण्यात काय काय झालं ते इथं सांगते, कारण दुसऱ्याच्या गावावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं, हे लिहायला बसल्यावर मला वाटलं होतं तसं काहीच निघालं नाही.

सुरुवात ट्रंकेतून झाली. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत पदकं, एक मफलर, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि डिस्चार्ज बुक. आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. बेळगावला भरती, मग इटली. इटलीच्या गोष्टी आम्ही पोरांनी हजारदा ऐकल्या होत्या. चिखल, खेचरं, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून कसं बाहेर काढलं, मग हाताला जखम झालेली असताना बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार कसा केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा ती गोष्ट सांगताना स्वतः उभे राहायचे. डिस्चार्ज बुकात इटलीच्या खाली एक शब्द होता, जपान. त्याबद्दल पारावर कधी चकार शब्द नाही.

वाचत गेले तसं चित्र उलगडलं. युद्ध संपल्यावर हरलेल्या जपानवर अमेरिकेनं ताबा बसवला, पण पश्चिम जपानचा काही भाग ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्याकडं होता. ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडर आणि हिंदी. सगळे मिळून भरात असताना चाळीसेक हजार. हिंदी ब्रिगेडवर ब्रिगेडियर थिमय्या होते, जे पुढं आपले लष्करप्रमुख झाले. त्या ब्रिगेडमध्ये पंजाबी होते, गुरखे होते आणि आमची जंगी पलटण होती. १९४६ ला गेले, १९४७ मध्ये परतले. वरून हुकूम असा, की जपानी माणसाशी वागणं औपचारिक आणि काटेकोर ठेवायचं, त्यांच्या घरात पाहुणा म्हणून जायचं नाही, त्यांच्या संसारात मिसळायचं नाही. झडतीसाठी मात्र जायचं. तलवारी, बंदुका, लपवलेला माल शोधायला.

आणि याच्या थोडं आधी आमच्या खटाव तालुक्यात काय चाललं होतं? ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ माणसं गेली. त्यानंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. आबांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या पोरांना भाकरी पोचवायचे. त्यांच्यासाठी १९४३ साली पोलिसांनी आमच्या घराची झडती घेतली. आजी तेव्हा सतरा वर्षांची, नवरा इटलीत इंग्रजांसाठी लढतोय आणि इंग्रजांचे पोलीस तिच्या स्वयंपाकघरात. ती सांगायची, "बुटं घालून चुलीपातुर आले मुडदे." आबा इटलीहून रजेवर आले तेव्हा त्यांनी हे ऐकलं असणारच. आणि ऐकून जपानला गेले.

ही गोष्ट मला सापडली तेव्हा मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. कथा आयतीच हातात आली होती. तिथंच मी फसले.

पहिला खर्डा चार महिन्यांत झाला. त्यात माझा नायक, त्याला मी ज्ञानू नाव दिलं, ओकायामाच्या बाजूच्या एका खेड्यात झडतीला जातो, चटईवर बूट ठेवतो, त्याला आपली चूल आठवते, तो गलबलतो आणि शेवटी त्या घरातल्या म्हातारीपुढं हात जोडतो. मध्ये हिरोशिमाचं नऊ पानी प्रकरण. (राष्ट्रकुलाच्या ताब्यातच तो जिल्हा येत होता, जवान ट्रकमधून बघायला जात, तेव्हा मी कशी सोडते?) आम्ही चौघी-पाचजणी महिन्यातून एकदा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एकीच्या घरी जमतो, लिहिलेलं वाचून दाखवतो, चहा-कंदी पेढे खातो आणि एकमेकींना फारसं दुखवत नाही. त्या दिवशी मात्र एकजण, जी जिल्ह्यातल्या दवाखान्यात समुपदेशक आहे, ती पेढा हातात तसाच धरून म्हणाली, "तो म्हातारीपुढं हात का जोडतो?"

"पश्चात्ताप झालाय त्याला."

"त्याला झालाय, की तुला त्याच्याबद्दल वाईट वाटू नये म्हणून तू करायला लावलास?"

मी चिडले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तिला साहित्यातलं काही कळत नाही. पुढचे पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. मग ती नऊ पानं फाडली. दुसऱ्याच्या राखेवर आपला नायक मोठा करायचा प्रकार होता तो. हात जोडणंही काढलं. काढल्यावर कथेत काही उरलंच नाही.

तेव्हा वाचायला बसले. ताबा घेणाऱ्याच्या बाजूनं कुणी कसं लिहिलंय ते बघायचं ठरवलं. वेर्कोरची फ्रेंच कादंबरिका १९४२ साली जर्मनांच्या नाकाखाली चोरून छापली गेली. त्यात एक जर्मन अधिकारी फ्रेंच घरात राहायला येतो, रोज संध्याकाळी शेकोटीपाशी उभं राहून सुंदर सुंदर बोलतो, आणि घरातला म्हातारा व त्याची पुतणी एका शब्दानं उत्तर देत नाहीत. त्या गप्प बसण्यानं माणूस आतून कसा सुटा सुटा होत जातो ते वाचताना घशाशी येतं. त्याच साली अमेरिकेत आलेल्या स्टाइनबेकच्या कादंबरीतला तरुण लेफ्टनंट असाच. त्याला फक्त कुणीतरी गोड बोलायला हवं असतं, आणि तो जिच्या दाराशी जातो तिचा नवरा याच लोकांनी गोळी घालून मारलेला. याला ते ठाऊकच नसतं. ऑर्वेल १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. शांत झालेला हत्ती केवळ भोवतालची गर्दी बघते आहे म्हणून त्यानं मारला, असं त्यानं पुढं लिहिलं. बंदूक त्याच्या हातात, पण चाप गर्दी ओढते.

फ्रांत्झ फॅनन हा कथाकार नव्हे, मनोविकारतज्ज्ञ. फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात तो इस्पितळात काम करत होता. १९६१ च्या पुस्तकात त्यानं एका युरोपियन पोलीस इन्स्पेक्टरची केस लिहिली आहे. दिवसभर कोठडीत माणसांचा छळ करायचा आणि घरी येऊन बायकोपोरांना मारायचा. डॉक्टरकडं आला तो काय मागायला? हे काम सोडवा म्हणायला नाही. काम तर करायचंच आहे, पण ते करताना मनाला टोचणी लागू नये आणि घरी हात उठू नये, असं औषध द्या म्हणाला. हे वाचून मी पुस्तक मिटवून गच्चीवर गेले. समोर अजिंक्यतारा, वर टॉवरचे लाल दिवे. माझ्या ज्ञानूचा पश्चात्ताप किती स्वस्त होता ते त्या रात्री कळलं.

पण एक अडचण होती. ही सगळी माणसं राज्यकर्त्यांच्या जातीची. जर्मन, फ्रेंच, इंग्रज. माझा ज्ञानू जपानमध्ये जेता आणि स्वतःच्या गावात जित. त्याला कुठल्या खणात ठेवायचं? मराठीत 'ताबा घेणारा' याला सुटसुटीत शब्दसुद्धा नाही. मी 'ताबेदार' लिहून बघितलं आणि हसू आलं, कारण ताबेदार म्हणजे नेमका उलटा, जो दुसऱ्याच्या ताब्यात आहे तो. जुन्या अर्जांच्या खाली लिहायचे तसं, आपला आज्ञाधारक ताबेदार. मग हसू थांबलं. आमच्या जिल्ह्यातनं गेलेल्या पोरांचं याहून अचूक वर्णन काय आहे? १९१७ मध्ये बगदाद पडलं तेव्हा हीच पोरं तिथं, १९२० मध्ये इराकी लोक उठले तेव्हा ते बंड मोडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हिंदी शिपाई. अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. ते किती धीरानं मेले हे आम्हाला शाळेपासून ऐकवतात. ज्या गावांवर त्यांनी पहारा दिला त्या गावांना ते कसे दिसले, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. दीर्घकथेला नाव सापडलं ते असं.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदार राहतात. ऐंशीला आलेत, रोज पहाटे चालायला जातात, मिशी अजून तरतरीत. ते श्रीलंकेत होते. जुलै १९८७ मध्ये करार झाला तेव्हा आपलं सैन्य तिथं शांतिसेना म्हणून उतरलं, ऑक्टोबरात ज्या तमिळांचं रक्षण करायचं त्यांच्यातल्याच वाघांशी (एलटीटीईशी) लढाई जुंपली, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. मी त्यांच्याकडं वही घेऊन गेले. "सुभेदारसाहेब, लढाईचं नको, गस्तीचं सांगा."

ते बराच वेळ कपातला चहा ढवळत बसले. साखर घेत नाहीत, तरी ढवळत होते.

"पहिल्यांदा गेलो तवा बायकांनी ओवाळलं बगा आमास्नी. हार घातले," म्हणाले. "मग तीच घरं, तीच माणसं. आमी गेलो की सगळी उभी राहायची. म्हातारीकोतारी बी. उभं राहून खाली बघायची. आता तुम्ही म्हणाल, इज्जत दिली. तवा मला बी तसंच वाटायचं."

"आणि आता?"

"रजेवर घरी आलो. दुपारची येळ, वडील झोपल्याले. मी दारात उभा, पण ते काय उठंनात. मला राग आला. बापाचा राग आला, की हा उठला कसा न्हाई." कप खाली ठेवला. "हे आजवर मंडळीला बी बोललो न्हाई. लिवा, पर नाव घालू नका."

नाव घालत नाही. पण त्या एका वाक्यानं माझी अर्धी कथा लिहून दिली. मला आबांचं वागणं आठवलं. पारावर आबा आले की माणसं पेन्शनर फौजी म्हणून सरकून जागा द्यायची, कुणी उठायचं, आणि आबा त्याच्यावर खेकसायचे, "बस की खाली! उठतंस कशाला?" आम्हाला वाटायचं, काय साधा माणूस. मान नको असतो त्यांना. साधेपणा नसावा तो. त्या उठण्याची चटक एकदा लागली होती आणि ती चटक कसली आहे हे माहीत असलेला माणूस दारू सोडलेल्यानं गुत्त्याकडं बघावं तसा त्या उठणाऱ्याकडं बघत असावा. हा माझा तर्क. आबा काही बोलले नाहीत, आणि मी त्यांच्या तोंडी काही घालणार नव्हते.

म्हणजे लिहायचं होतं ते सुखाबद्दल. इथं मी अडले, कारण ते सुख मला माहीत नव्हतं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या येण्यानं मुलं मोबाइल खाली ठेवतात एवढाच माझा दरारा.

मग फेब्रुवारी आला आणि बारावीच्या परीक्षेला मला भरारी पथकात नेमलं. सरकारी जीप, गळ्यात ओळखपत्र, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं एक केंद्र. आम्ही वर्गात शिरलो आणि साठ मुलांची लेखणी एकदम थांबली. पर्यवेक्षक सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, ते खुर्चीवरून धडपडत उठले. मी एका मुलाला उभं केलं, कंपास उघडायला लावली, मोजे खाली करायला लावले. काही नव्हतं. त्याच्या पायाचा अंगठा मोज्याच्या भोकातून बाहेर आलेला, आणि तो तो अंगठा दुसऱ्या पायानं झाकायचा प्रयत्न करत होता. मी "बस" म्हटलं आणि पुढच्या बाकाकडं वळले. जीपमध्ये बसल्यावर सहकारी म्हणाला, "मॅडम, आवाज काय लावलात!" मला आवडलं. लपवण्यात अर्थ नाही. कराडचा पूल येईपर्यंत ते आवडत राहिलं. आणि घरी आल्यावर सासूबाईंनी दार उघडायला उशीर केला तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

परीक्षेच्या पथकाची आणि परक्या सैन्याची बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. पण एवढ्याशा चमच्यानं चव कळली. त्या रात्री दुसऱ्या खर्ड्याचा पहिला परिच्छेद लिहिला. कुरे बंदरात ज्ञानू उतरतो. बेळगावच्या परेडवर ज्याला गोऱ्या साहेबासमोर डोळे वर करायची मुभा नव्हती, त्याच्यासाठी एक कोट घातलेला, चष्मा लावलेला, शिकलेला जपानी माणूस रस्त्यावरून बाजूला होऊन वाकतो. ज्ञानू मागं वळून बघतो, की मागं साहेब आहे का. मागं कुणी नसतं.

हा प्रसंग लिहिल्यावर बाकीचं आपोआप ओढलं गेलं. झडतीच्या घरात आता तो गलबलत नाही. चूल आठवते, आणि आठवूनही तो पाऊल टाकतो. त्या दोन गोष्टी एकाच वेळी त्याच्यात नांदतात. आठवण त्याला थांबवत नाही, उलट थोडा जोर देते: आमच्याकडं आले होते, आता आम्ही आलो. ज्या घरात आला ते घर आणि ज्यांनी त्याच्या बायकोला भिववलं ते पोलीस, यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे त्याला कळतं. कळून काही होत नाही. त्या घरातल्या बाईला मी एकही संवाद दिला नाही. फक्त तो गेल्यावर ती फडकं घेऊन चटई पुसते, आणि ते ज्ञानू बघत नाही, वाचक बघतो. आधीच्या खर्ड्यात ती बाई म्हणजे त्याच्या मनाचा आरसा होऊन बसली होती. तिला तिचं फडकं दिलं आणि ती माणूस झाली.

भूकंपाचं प्रकरण सगळ्यांत उशिरा सुचलं. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, नानकाईचा मोठा भूकंप झाला. शिकोकू आणि आसपासचा भाग हादरला, तेराशेच्या वर माणसं गेली, ओकायामाकडंही घरं पडली. आमच्याकडच्या माणसाला डिसेंबरातली पहाट आणि भूकंप म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. ११ डिसेंबर १९६७, कोयना. वेळही तीच, चारनंतरची. मी जन्मले नव्हते, पण वडील सांगायचे, की घरं हलली तेव्हा सगळी आळी रस्त्यावर आली आणि आबा मात्र उलटे घराघरात शिरून म्हाताऱ्यांना उचलून आणत होते. "हुकूम सोडल्यागत बोलत हुते, पर चेहरा असा की लग्नाला आलेत," वडील म्हणायचे. आनंदी चेहरा! लोकांना तो विचित्र वाटला होता.

मी तो चेहरा ज्ञानूला दिला. पहारा सोडून जवान वासे उचलतात, कौलं बाजूला करतात, एका म्हाताऱ्याला बाहेर काढतात. म्हातारा त्याच्याकडं सरळ बघतो. वाकत नाही, वाकण्याची ताकद नसते. आठ महिन्यांत ज्ञानूकडं कुणी असं बघितलेलं नसतं. त्या रात्री तो सुखानं झोपतो. दुसऱ्यांच्या घरांवर छप्पर कोसळलं तो त्याचा तिथला सगळ्यात चांगला दिवस. समुपदेशक मैत्रिणीला हे प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या डॉक्टरांनी या प्रकाराला नैतिक जखम म्हटलंय. भीतीनं होते ती वेगळी, आणि आपल्याला बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध वागून, किंवा वागायला लावून होते ती वेगळी. मी तो शब्द कथेत घातला नाही. ज्ञानूला तो माहीत असता तर त्यानं डॉक्टर गाठला असता.

तिसरा खर्डा म्हणजे निव्वळ कापाकापी, त्याचं काय सांगायचं. एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. कथा आवडली म्हणाले, पण शेवटी त्याला थोडं पस्तावू द्या की, वाचकाला कुठंतरी थारा हवा. आणि एवढ्या जवळ असून हिरोशिमा कसं नाही? मी म्हटलं, ते फाडलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. कथा साभार परत आली. दुसऱ्या एका लहान अंकानं घेतली, मानधनाचं अजून काही कळलेलं नाही.

छापायला देण्याआधी आत्याला वाचून दाखवायचं ठरवलं. आत्या अठ्ठ्याहत्तरची, आबांची थोरली लेक, जपानहून आल्यावर वर्षभरानं झालेली. गावाकडच्या घरात सोप्यात बसून दोन दुपारी वाचत होते. ती शेंगा फोडत ऐकत होती. ज्ञानू बापावर चिडतो तिथं तिनं शेंग फोडायची थांबवली, पण काही म्हणाली नाही. सुभेदारांनी सांगितलेलं ते, मी आबांना दिलं होतं. मला वाटलं, आता रागावणार.

सगळं संपल्यावर टरफलं पदरातनं झटकली. "आबा आसं कुनाला बोलले न्हाईत कदी," म्हणाली.

"माहीत आहे आत्या. हा आबा नव्हे, ज्ञानू आहे."

"व्हय व्हय, ज्ञानू." थोडं थांबून म्हणाली, "पर येक चुकलंय तुजं. पोलीस चुलीपातुर नव्हते आले."

"आजीच सांगायची की."

"ती चारचौघांत चूल म्हनायची. मला सांगितलं त्ये येगळं. जात्यापातुर आले. ती दळत हुती. ती उटली न्हाई म्हनून येकानं जात्याला लाथ घातली. पीठ सांडलं समदं. मग उटली."

मी वही काढली. सांडलेल्या पिठावर बुटाचा ठसा उमटला असेल, तो इकडं आणि चटईवरचा तिकडं, हे डोक्यात आलंच. ते मी लिहिलं नाही, फार जुळून येत होतं. पण आजी उठली नव्हती. सतरा वर्षांची बाई पोलीस समोर असताना जात्यावर बसून राहिली होती, आणि तिला उठवायला लाथ लागली. रजेवर आलेल्या आबांना तिनं चूल सांगितली होती की जातं?

"आत्या, आबांना हे माहीत होतं?"

"आता मला काय ठावं?" ती सूप घेऊन आत गेली.

साताऱ्याला परतल्यावर चूल काढली आणि जातं घातलं. त्यानं पुढची अकरा पानं मोडली. अंकवाल्यांना फोन करून आठ दिवस मागून घेतले.